हा नग कितीला पडला? कारखान्यातल्या खर्चाच्या हिशेबाची गोष्ट



भोसरी असो, कोल्हापूरचं उद्यमनगर असो, बेळगावचं उद्यमबाग असो की इंदूरजवळचं पीथमपूर, तिथल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये तासभर बसा. एक प्रश्न हमखास कानावर येईल. ऑर्डर घेऊन आलेला माणूस भाव विचारतो आणि मालक आतल्या माणसाकडे वळून म्हणतो, "अरे, हा नग आपल्याला कितीला पडतो?"

प्रश्न साधा वाटतो. नगाला लागलेलं लोखंड वजन करून सांगता येतं. लेथवरच्या कामगाराचे किती तास गेले, तेही सांगता येतं. पण शेडचं भाडं? मशीनच्या कर्जाचा हप्ता? रात्रीचा वॉचमन? गेल्या आठवड्यात एक दिवस वीज नव्हती, त्या दिवसाचा पगार? हे खर्च काही या एका नगासाठी झालेले नाहीत. मग त्यातला किती वाटा या नगावर टाकायचा?

आपल्या भाषेत एक गंमत आहे. वस्तू 'कितीला पडली' असं आपण म्हणतो आणि खर्च 'कोणावर पडला' असंही म्हणतो. क्रियापद एकच. कारखान्याच्या हिशेबाचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास बघितला तर दिसतं, की पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर दिलं जातं, बहुतेक वेळा कुणाच्या लक्षात न येता. आज आपण तीच गोष्ट बघणार आहोत. या शास्त्राला मराठीत परिव्यय लेखांकन म्हणतात. बोलताना सगळे कॉस्टिंगच म्हणतात, आपणही तसंच म्हणू.

पेढीची वही

हिशेब ठेवणं जुनंच आहे. दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचिओली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात मांडली. व्यापारी ती त्याच्याही आधीपासून वापरत होते. आपल्याकडच्या पेढ्यांवर रोजकीर्द होती, खतावणी होती. या वह्या व्यापाऱ्याच्या प्रश्नांची उत्तरं देत. कोणाकडून किती येणं आहे, कोणाला किती देणं आहे, माल कितीला घेतला, कितीला विकला. व्यापाऱ्याच्या प्रत्येक व्यवहारात समोर दुसरा माणूस असतो आणि भाव दोघांत ठरलेला असतो. तो फक्त लिहायचा.

कारखान्यात तसं होत नाही. समजा, एक व्यापारी सूत विकत घेतो, विणकराला घरी नेऊन देतो, वारावर मजुरी देतो आणि कापड परत घेतो. इथे प्रत्येक पायरीला भाव आहे. आता हेच काम एका छपराखाली आणा. कताई खात्यातून सूत निघालं आणि शेजारच्या विणाई खात्यात गेलं. मध्ये बाजार नाही, घासाघीस नाही, पावती नाही. मग ते सूत कितीला पडलं? बाजार सांगत नाही, म्हणून कोणीतरी कागदावर तो भाव तयार करावा लागतो. कॉस्टिंगची गरज इथे निर्माण झाली.

त्याआधी अशी टिपणं कोणी ठेवलीच नव्हती असं नाही. सोळाव्या शतकात अँटवर्पचा मुद्रक ख्रिस्तोफ प्लांतँ छापायला घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाचं वेगळं खातं ठेवत असे. पण हिशेबाच्या जोरावर अडचणीतून वाट काढणाऱ्या कारखानदाराचं ठळक उदाहरण बघायचं, तर इंग्लंडमधल्या एका कुंभाराकडे जावं लागतं.

कुंभाराचा हिशेब

त्याचं नाव जोसाया वेजवूड. चार्ल्स डार्विनच्या आईचे हे वडील. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कुंभारकाम करणाऱ्या घरात १७३० साली त्यांचा जन्म झाला. १७६९ मध्ये त्यांनी 'एट्रुरिया' नावाचा मोठा कारखाना सुरू केला. राणी शार्लटच्या घरी त्यांची भांडी जात. सरदार-दरकदारांमध्ये त्यांच्या फुलदाण्यांची मागणी होती आणि किंमत ते म्हणतील ती मिळत होती. अशा दिवसांत हिशेब कोण करतो?

जून १७७२ मध्ये अलेक्झांडर फोर्डाइस नावाचा लंडनचा सराफ सट्ट्यात बुडाला आणि पळून गेला. त्याची पेढी कोसळली आणि तिच्यामागोमाग लंडन-एडिंबरोच्या अनेक पेढ्या अडचणीत आल्या. उधारी आटली. लोकांनी चैनीच्या वस्तू घेणं थांबवलं. वेजवूडच्या गोदामात माल साचू लागला आणि हातात रोख राहिना.

तेव्हा वेजवूड वह्या घेऊन बसले. एकेका फुलदाणीला माती किती, घडणावळ किती, भट्टीचं जळण किती, साचा किती, तुटफूट किती, हे त्यांनी कलमवार मांडायला सुरुवात केली. लंडनची बाजू सांभाळणारे त्यांचे भागीदार टॉमस बेंटली यांना त्या उन्हाळ्यात त्यांनी जी पत्रं लिहिली, त्यांत एक शोध आहे. साच्यांचा खर्च, जागेचं भाडं, कारकुनाचा पगार, जळणाचा बराचसा भाग हे सगळं घड्याळासारखं चालत राहतं, माल थोडा करा की जास्त करा. आज कॉमर्सच्या पहिल्या वर्षात 'स्थिर खर्च' म्हणून जे शिकवतात, ते या गृहस्थांना पैशांच्या चणचणीत स्वतःच्या कारखान्यात सापडलं.

त्यातून त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, ठरावीक वेळात होईल तितका जास्त माल काढायचा, म्हणजे तो घड्याळासारखा चालणारा खर्च जास्त नगांमध्ये वाटला जाईल. दुसरी, भाव उतरवायचे. सरदारांनी फुलदाण्या घेऊन झाल्या होत्या. आता मधल्या वर्गाला परवडेल असा भाव ठेवला तर मोठा बाजार मिळेल. किती खाली उतरता येईल हे आता त्यांना माहीत होतं, कारण कितीला पडतं हे माहीत होतं.

आणखी एक गोष्ट निघाली. आकडे जुळवताना काही केल्या जुळेनात. शोध घेतला तेव्हा लंडनच्या मुख्य कारकुनाची अफरातफर उघडकीला आली. वर्षानुवर्षं भरभराटीच्या आड ती लपली होती. चांगल्या दिवसांत हिशेबाची आठवण कुणाला येत नाही, हे तेव्हाही खरं होतं.

वेजवूडच्या प्रश्नात एक प्रामाणिकपणा होता. मालक स्वतःसाठी विचारत होता, 'माझा माल मला कितीला पडतो?' पुढे कारखाने वाढले, मालक लांब राहू लागला आणि प्रश्न बदलला.

एका छपराखाली

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात होल्योक इथे लायमन मिल्स नावाची कापडगिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली. तिच्या वह्या टिकून राहिल्या आणि इतिहासकारांनी त्या बारकाईने वाचल्या. मालक आणि खजिनदार बोस्टनमध्ये, गिरणी लांब. त्यामुळे कापूस, मजुरी आणि वरखर्च यांची नोंद थेट मुख्य खतावणीतच खात्यावार होत असे. गिरणी न बघता, केवळ वहीवरून, कोणतं खातं नीट चाललंय हे बोस्टनला कळावं अशी ती सोय होती. म्हणजे आता प्रश्न 'मला कितीला पडतं' एवढाच उरला नव्हता. 'तू माझे पैसे कसे वापरतोस' हाही प्रश्न त्यात आला होता.

त्याच सुमाराला मुंबईत काय चाललं होतं? १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापडगिरणी काढायला कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये गिरणी चालू झाली. पुढे मुंबईत गिरण्यांची रांग लागली. त्या चालवत असत मॅनेजिंग एजंट. बऱ्याच गिरण्यांमध्ये एजंटांचं कमिशन ठरलेलं होतं, निघालेल्या प्रत्येक पौंड मालामागे पाव आणा.

या पाव आण्यात काय दडलंय बघा. एजंटाला पैसे मालाच्या वजनावर मिळतात. माल विकला जातो की गोदामात पडतो, नफ्यात जातो की तोट्यात, त्याच्या कमिशनला फरक पडत नाही. अशा माणसाने 'पौंड सूत कितीला पडलं' हा प्रश्न कशासाठी विचारावा? त्याचा प्रश्न एकच, 'किती पौंड निघालं?' भागधारकांनी या पद्धतीवर टीका केली आणि पुढे हळूहळू नफ्यावर कमिशन देण्याची रीत आली. कारकुनांना बेरीज येत नव्हती असा याचा अर्थ नाही. विचारणाऱ्याला ज्या आकड्याची गरज असते, तोच आकडा वहीत येतो.

टनामागे किती?

खर्चाच्या आकड्याने माणसं कशी हलवता येतात, हे अमेरिकेच्या पोलाद कारखान्यांत स्पष्ट दिसलं. पण त्याची तालीम रेल्वेत झाली होती. रेल्वेचा बहुतेक खर्च रूळ, पूल आणि स्टेशनांवर होतो आणि गाडी रिकामी गेली तरी तो होतोच. लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेचे अल्बर्ट फिंक हे मूळचे पूल बांधणारे जर्मन इंजिनियर. त्यांनी १८७४ च्या अहवालात खर्चाची वर्गवारी केली. वाहतूक वाढली की वाढणारा खर्च कोणता, न वाढणारा कोणता, आणि एक टन माल एक मैल नेायला किती पडतं, हे त्यांनी काढलं.

रेल्वेतच वाढलेला दुसरा माणूस म्हणजे अँड्र्यू कार्नेगी. पेनसिल्व्हेनिया रेल्वेत बारा वर्षं काम करताना खर्चाच्या नोंदींची शिस्त त्यांच्या अंगात मुरली. १८७५ मध्ये पिट्सबर्गजवळ ब्रॅडॉक इथे त्यांचा एडगर थॉमसन पोलाद कारखाना सुरू झाला. तिथे रेल्वेची हिशेबपद्धत आणली गेली. प्रत्येक खात्यात आलेला कच्चा माल, लागलेली मजुरी आणि निघालेला माल यांची नोंद होई. त्यावरून खर्चपत्रक बने, आणि टनामागे कोणत्या कामाला किती लागलं हे कार्नेगी बारकाईने बघत. नफा त्यांना नंतर दाखवला तरी चाले, खर्च मात्र आधी.

याचा फायदा झाला, यात शंका नाही. अमेरिकन पोलाद स्वस्त झालं, रूळ स्वस्त झाले. पण दुसरी बाजूही बघू. कारखान्याचे प्रमुख कॅप्टन बिल जोन्स स्वतः कामगारांतून वर आलेले. भट्टीसमोर बारा तास उभं राहणं माणसाला झेपत नाही म्हणून त्यांनी आठ तासांच्या तीन पाळ्या सुरू करून घेतल्या होत्या. शेजारचे कारखाने मात्र बारा तासांवरच राहिले. टनामागची मजुरी शेजाऱ्यापेक्षा जास्त पडते, हा मुद्दा पुढे आला आणि १८८८ मध्ये एडगर थॉमसनमध्ये बारा तासांची पाळी परत आली. कामगारांनी विरोध केला आणि ते हरले.

चार वर्षांनी, १८९२ च्या जुलैमध्ये, कार्नेगींच्याच होमस्टेड कारखान्यात टनावारी मजुरीचे दर आणि संघटनेची मान्यता यांवरून टाळेबंदी झाली. कंपनीने पिंकर्टनचे खासगी रखवालदार बोलावले, गोळीबार झाला आणि दोन्ही बाजूंची माणसं मेली.

होमस्टेडचं कारण फक्त खर्चपत्रक होतं, असं कोणी म्हणणार नाही. पण टनामागची मजुरी हा रकाना त्या पत्रकात ठळक होता, आणि माणसाच्या थकव्याला रकाना नव्हता. जे मोजलं जातं ते टेबलावर येतं. जे मोजलं जात नाही ते रस्त्यावर येतं.

रिकामं यंत्र

आता आपल्या सुरुवातीच्या वर्कशॉपकडे येऊ. शेडचं भाडं, मशीनचा हप्ता, वॉचमन यांना इंग्रजी कारखान्यांत ओव्हरहेड म्हणू लागले, आपण वरखर्च म्हणू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बहुतेक कारखाने वरखर्च सोप्या पद्धतीने वाटत. महिन्याचा एकूण वरखर्च मजुरीच्या किती टक्के येतो ते काढायचं आणि तेवढे टक्के प्रत्येक नगाच्या मजुरीवर चढवायचे.

अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च या इंग्रज इंजिनियरने १९०१ मध्ये 'इंजिनियरिंग मॅगझिन'मध्ये लेखमाला लिहून या पद्धतीवर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं. एक कामगार हातात कानस घेऊन बाकावर बसला आहे. दुसरा अवाढव्य, महागड्या यंत्रावर काम करतो आहे. दोघांची मजुरी सारखी, म्हणून दोघांच्या कामावर सारखाच वरखर्च चढवायचा? यंत्राची जागा, वीज, झीज, व्याज हे सगळं कानसवाल्याच्या नगावर का? प्रत्येक यंत्र म्हणजे एक छोटं दुकान समजा, त्याचं तासाचं भाडं काढा, आणि जो नग जितके तास ते यंत्र वापरेल तितकं भाडं त्याने द्यावं. आज ज्याला आपण मशीन-तासाचा दर म्हणतो, त्याचं मूळ या विचारात आहे.

मग प्रश्न आला, यंत्र रिकामं राहिलं तर त्या तासांचं भाडं कोणी द्यायचं? याचं सर्वांत रोखठोक उत्तर हेन्री गँट यांनी १९१५ मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात दिलं. तेच गँट, ज्यांच्या नावाचा चार्ट आजही प्रत्येक प्रोजेक्ट ऑफिसात दिसतो. त्यांचा मुद्दा समजायला आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

एका वर्कशॉपचा वरखर्च महिन्याला १ लाख रुपये. महिन्याला १,००० नग काढण्याची ताकद. लोखंड, मजुरी, वीज मिळून नगाला १५० रुपये. पूर्ण काम असेल तर वरखर्च नगाला १०० आणि नग पडतो २५० रुपयांना. मालक तो २७५ ला विकतो. सगळं ठीक.

आता मंदी आली आणि ऑर्डर ५०० नगांवर आली. हिशेबनीस १ लाख भागिले ५०० करतो. वरखर्च २०० रुपये, नग पडला ३५० ला. मालक घाबरतो. २७५ ला विकलं तर ७५ रुपये तोटा! तो भाव ३७५ करतो. अर्धे गिऱ्हाईक निघून जातात. उरले २५० नग. आता वरखर्च नगाला ४०० आणि नग पडला ५५० ला. भाव अजून वाढवायचा? अशाने एक दिवस शेवटच्या नगावर १ लाख रुपये चढतील आणि शेडला कुलूप लागेल. नग मात्र पहिल्या दिवसापासून तोच आहे. तेच लोखंड, तेवढीच मजुरी.

गँट म्हणाले, जे यंत्र या नगासाठी चाललंच नाही, त्याचा खर्च या नगावर टाकू नका. ५०० नग प्रत्येकी १०० रुपये उचलतील, म्हणजे ५० हजार. उरलेले ५० हजार वेगळ्या ओळीत लिहा, रिकाम्या यंत्रांचा खर्च. तो तोटाच आहे, तो लपत नाही. पण तो आता योग्य ठिकाणी उघडा पडतो. मग मालक विचारू शकतो, यंत्र का रिकामं राहिलं? ऑर्डर नव्हती? कच्चा माल आला नाही? यंत्र बिघडलं होतं? त्याची उत्तरं विक्री खात्याने, भांडार खात्याने, देखभाल खात्याने आणि व्यवस्थापनाने द्यायची. गिऱ्हाइकाने नाही आणि लेथवरच्या कामगारानेही नाही.

या सगळ्या इतिहासात मला हे पान सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कारण 'कितीला पडला'च्या आत 'कोणावर पडला' दडलेलं आहे, हे गँट यांनी इंजिनियरांच्या सभेत उघड मांडलं. आणि मंडळी, मंदीत भाव वाढवून स्वतःच्या हाताने गिऱ्हाईक घालवणारे कारखानदार आजही भेटतात. त्यांचं गणित चुकलेलं नसतं, भागाकार बरोबरच असतो. फक्त कशाला कशाने भागायचं, इथे गफलत असते.

सरकार विचारतं तेव्हा

पहिल्या महायुद्धाने नवा प्रश्नकर्ता आणला. ब्रिटनमध्ये १९१५ साली दारूगोळा मंत्रालय स्थापन झालं. लाखो तोफगोळे हवे होते, बाजारभाव असा काही नव्हता आणि कारखानदार युद्धावर गब्बर होत आहेत अशी ओरड होती. सरकारने खर्चाची पत्रकं मागायला सुरुवात केली. ती तयार करणारी आणि तपासणारी माणसं लागली. युद्ध संपताच, १९१९ मध्ये, ब्रिटनमध्ये कॉस्ट अकाउंटंटांची संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेतही.

भारतातही संस्था युद्धकाळातच आली. १९४४ साली कोलकात्यात 'इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटंट्स' ही कंपनी म्हणून नोंदली गेली. १९५९ मध्ये संसदेने कायदा करून तिला वैधानिक दर्जा दिला. २०१२ पासून तिचं नाव 'इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडिया' झालं. आपल्यापैकी कोणाच्या घरात आयसीडब्ल्यूए झालेले काका किंवा सीएमए करणारी भाची असेल, तर ती हीच संस्था.

भारताने पुढे एक वेगळं पाऊल टाकलं. १९६५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि ठरावीक उद्योगांतल्या कंपन्यांना खर्चाच्या नोंदी ठेवणं बंधनकारक करण्याचा, त्यांचं बाहेरच्या माणसाकडून कॉस्ट ऑडिट करून घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पहिला नंबर लागला सिमेंटचा, १९६६ मध्ये. मग टायर, साखर, कागद, औषधं अशी यादी वाढत गेली. तो टंचाईचा आणि भावनियंत्रणाचा काळ होता. सिमेंटची गोणी काय भावाने विकायची हे सरकार ठरवणार असेल, तर ती कितीला पडते हे सरकारला कळायला हवं, असा सरळ विचार. कारखान्याच्या आतला खासगी आकडा आता सार्वजनिक कामाचा झाला. १९७० मध्ये औद्योगिक खर्च आणि किंमत यांसाठी केंद्राने स्वतंत्र ब्युरोही नेमला.

पण सरकारने विचारलं म्हणून आकडा आपोआप स्वच्छ होत नाही. भाव खर्चावर ठरणार असेल, तर कारखान्याला खर्च जास्त दाखवण्यात फायदा. मुख्य कचेरीचा किती खर्च या मालावर टाकला, यंत्रं पूर्ण चालली असं धरलं की अर्धी, रिकाम्या यंत्राचा खर्च कुठे गेला, हे सगळे जुनेच प्रश्न मंत्रालयाच्या टेबलावर आले. गँटचा प्रश्न आता नागरिकाच्या खिशाशी भिडला. कारखान्याच्या ढिलाईचा भार सिमेंट घेणाऱ्याने का उचलावा?

औषधांचं उदाहरण घ्या. १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात यादीतल्या औषधांसाठी सूत्र होतं. कच्चा माल, तयार करण्याचा खर्च, वेष्टन, आणि त्यावर विक्री-वितरण व नफ्यासाठी जास्तीत जास्त १०० टक्के. २०१३ च्या आदेशाने खर्चाचा हा आधार सोडला. आता बाजारात १ टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढून कमाल किंमत ठरते. खर्चाचे आकडे गोळा करणं किचकट, कंपन्या ते देत नाहीत, दिलेले पटत नाहीत, असं एक बाजू म्हणते. रुग्णांच्या बाजूने बोलणाऱ्या संघटना म्हणतात, की बाजारातली किंमत आधीच फुगलेली असेल तर तिची सरासरीही फुगलेलीच येणार. कोणती बाजू बरोबर यावर तुम्ही तुमचं मत बनवा. माझा मुद्दा एवढाच, की 'ही गोळी कितीला पडते' हा प्रश्न विचारायचा की नाही, हेही धोरणच असतं, आणि त्याचा परिणाम औषधाच्या दुकानातल्या बिलावर दिसतो.

मजूर महाग का दिसला?

एक शेवटचा टप्पा. १९८७ मध्ये टॉमस जॉन्सन आणि रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकन प्राध्यापकांनी 'रेलेव्हन्स लॉस्ट' हे पुस्तक लिहिलं. लायमन मिल्सच्या वह्या वाचणारे इतिहासकार ते हेच जॉन्सन. या दोघांनी दाखवलं, की चर्च यांनी १९०१ मध्ये ज्याच्यावर बोट ठेवलं होतं, ती चूक ऐंशी वर्षांनंतरही ठिकठिकाणी चालूच आहे. कारखान्यात यंत्रं वाढली, कामगार कमी झाले, पण वरखर्च अजून मजुरीवरच वाटला जातोय. त्यामुळे एका तासाच्या मजुरीवर तिच्या कितीतरी पट वरखर्च चढतो.

याचा परिणाम बघा. तासाला १०० रुपये घेणारा कामगार कागदावर ६०० चा दिसतो. मॅनेजर म्हणतो, मजूर महाग आहे, कमी करा. कामगार जातात. पण शेड, यंत्र, कचेरी तशीच राहते, खर्च फारसा घटत नाही. तोच वरखर्च आता उरलेल्या कामगारांवर चढतो आणि ते आणखी महाग दिसतात. पुन्हा कपात. मघाच्या उदाहरणात गिऱ्हाईक गेलं, इथे माणसाची नोकरी गेली. दोन्हीकडे दोष वाटपाचा. यावर उपाय म्हणून खर्च कोणत्या कामामुळे होतो ते शोधून त्या कामानुसार वाटायची पद्धत कॅप्लन आणि रॉबिन कूपर यांनी मांडली. तीही सर्वरोगहारी नाही, तिलाही मेहनत आणि खर्च लागतो. पण ती निदान विचारते, हा खर्च झाला कशामुळे?

हा विषय फक्त कारखान्यांचा आहे असं समजू नका. शेतमालाच्या हमीभावाच्या चर्चेत ए-२, ए-२ अधिक एफएल आणि सी-२ हे शब्द आपण ऐकतो. पहिल्यात हातून गेलेला खर्च, दुसऱ्यात त्यावर घरच्या माणसांची मेहनत, तिसऱ्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही. क्विंटल तोच, शेत तेच, पण 'कितीला पडला' याची उत्तरं तीन. भांडण बेरजेचं नाहीच. घरच्या बाईने शेतात केलेलं काम खर्च म्हणून धरायचं की नाही, याचं आहे.

म्हणून मंडळी, यापुढे कोणी एखादा आकडा पुढे करून 'आम्हाला हे एवढ्याला पडतं' असं म्हणालं, मग तो कारखानदार असो, वीज कंपनी असो, रुग्णालय असो की शाळा, तर आकडा लगेच मान्यही करू नका आणि लगेच खोटाही ठरवू नका. शांतपणे विचारा, यात काय काय धरलंय? काय सोडलंय? आणि जे रिकामं पडून होतं, त्याचा खर्च कुठे लिहिलाय? वेजवूडने स्वतःला हेच विचारलं आणि कारखाना वाचवला. तुमचं स्वतःचं वर्कशॉप, दुकान किंवा खानावळ असेल, तर या महिन्याच्या हिशेबात रिकाम्या वेळासाठी एक वेगळी ओळ काढून बघा. किती आकडा येतो ते बघून कदाचित धक्का बसेल, पण भाव वाढवायच्या आधी तो बसलेला बरा.